'काहीही चालेल' या उत्तराचं काय करायचं?

पत्राचा गोषवारा: कोपरखैरण्यात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४४, शिक्षण बी.कॉम. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये १८ वर्षं नोकरी. घरी नवरा, बारावीतली मुलगी, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. घराच्या कर्जाचा हप्ता २४ हजार, अजून चार वर्षं बाकी. ऑफिसच्या एका ट्रेनिंगमध्ये 'माझी तीन स्वप्नं' लिहायला सांगितलं. ताईंनी लिहिलं: मुलीची ॲडमिशन, कर्ज फिटणं, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. ट्रेनर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, ही स्वप्नं नाहीत, ही कामांची यादी झाली. तुम्हाला स्वतःला काय हवंय?" ताईंना काहीच सुचलं नाही. "परतीच्या गाडीत रबाळ्यापर्यंत आठवून बघितलं, सगळं रिकामं. लहानपणी चौकटीच्या वहीत घरांचे नकाशे काढायचे, आर्किटेक्ट व्हायचं होतं. बाबा म्हणाले कॉमर्स घे, घेतलं. राग नाही. आजही बहिणीकडे गेले की पोट दुखेपर्यंत हसते, आमरस आवडतो, झोप बरी लागते. पण काही हवंसंच वाटत नाही. हॉटेलात गेलो तरी मी 'काहीही चालेल' म्हणते. स्वप्नं बघायची शक्ती या वयात परत येते, की ती संपलेली असते?"

ताई,

आधी त्या ट्रेनरच्या वाक्याकडे बघू, कारण तुम्ही ते फारच मुकाट्याने मान्य केलेलं दिसतं. कर्ज फिटणं हे स्वप्न नाही, असं कुणी ठरवलं? स्वतःच्या घराची कागदपत्रं बँकेतून घरी यावीत ही या पट्ट्यातल्या हजारो लोकांची पहिल्या नंबरची इच्छा आहे. फक्त तुमची यादी एका जागी अपुरी आहे. ४९व्या महिन्यात, म्हणजे हप्ता ज्या महिन्यात जाणार नाही त्या पहिल्या महिन्यात, त्या २४ हजारांचं काय करणार हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा मनातही आलेलं नाही. अडचण तिथे आहे.

दुसरं, तुमच्याच पत्रातला एक धागा. हसू येतं, आमरस आवडतो, झोप लागते. हवंसं मात्र काही वाटत नाही. आपण 'आवडणं' आणि 'हवं असणं' एकच धरतो, पण मेंदूत या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उंदरांवर केलेलं काम यात महत्त्वाचं आहे. मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळपास संपवलेले उंदीर समोरच्या अन्नाकडेही जात नव्हते, पण साखरेचं पाणी जिभेवर सोडलं की चव आवडल्याच्या त्यांच्या हालचाली नेहमीसारख्याच होत्या. आवड शाबूत, ओढ गेलेली. तुमचा मेंदू असा झालाय असं अजिबात म्हणायचं नाही. सांगायचं इतकंच की ओढ मंदावली म्हणून माणूस आतून आटलेलं नसतं, आणि दुरुस्ती ओढीची करायची असते.

तरीही आधी एक खात्री करून घ्या. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद न वाटणं किती दिवस झालं? उदास, निराश वाटणं किती दिवस झालं? दोन्ही प्रश्नांना वेगवेगळे गुण द्या: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा त्याहून जास्त आली तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. ही चाळणी आहे, निदान नाही. बेरीज कमी आली तरी चव्वेचाळिशीत फॅमिली डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-१२ तपासून घ्यायला हरकत नाही. पाळी अनियमित होत असेल तर तेही सांगा. थायरॉइड कमी पडलं की माणूस स्वतःला आळशी समजत वर्षं काढतं, आणि घरचेही री ओढतात. नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्याचं काम करते आहे, म्हणजे तुमच्या रोजच्या वाटेवरच.

आता 'संपते का' या प्रश्नाकडे. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून असं मांडलं की, काही केलं तरी त्रास टळत नाही असा अनुभव आला की प्राणी हतबल व्हायला शिकतो. त्यानंतर जवळपास अर्धशतक हे पाठ्यपुस्तकांत राहिलं. २०१६ मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. लांबलेल्या त्रासात गप्प बसणं हा मेंदूचा मूळ कल आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावं लागतं ते 'माझ्या हाताने काही बदलतं' हे. म्हणून तुमच्याबाबत 'शक्ती संपली का' हा प्रश्न मला चुकीच्या जागी वाटतो. मी विचारीन, तुमच्या हाताने, तुमच्या मर्जीने आणि तुमच्यासाठी शेवटचं काय बदललं, आणि कधी?

तुम्ही १८ वर्षं घर उत्तम चालवलंत, आणि त्यासाठी इच्छा आवरून ठेवणं सोयीचं होतं. महिनाअखेर पुरवायची असली की ज्याला काही नको असतं त्याच्याबरोबर राहणं सोपं जातं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही गोष्ट आपण ढोंगाची म्हणून सांगतो. पण रोजच उडी मारून हात रिकामा येत असेल तर द्राक्षं आंबट मानणं हा कोल्ह्याचा शहाणपणाच आहे. गडबड नंतर होते. मांडव खाली आला, द्राक्षं हाताशी लागली, तरी कोल्हा मान वर करत नाही.

म्हणून पाच वर्षांच्या स्वप्नापासून सुरुवात करू नका. ज्याला मिसळीचा तिखटपणा ठरवता येत नाही, त्याला आयुष्याची दिशा विचारणं हा त्या ट्रेनरचा उतावळेपणा झाला.

पहिले दोन आठवडे एकच काम: 'काहीही चालेल' हे उत्तर बंद. दिवसातून तीनदा, मोजून तीनदा, स्वतःची निवड मोठ्याने सांगायची. चहात आलं की गवती चहा. रविवारी पोहे की घावन. पंख्याचा वेग. विचाराला पाच सेकंद. त्याहून जास्त लागले की डोक्यात घरच्यांची आवडनिवड सुरू होते. इथेच बहुतेकांचं चुकतं. निवडलं असं वाटतं, पण भेंडी निवडलेली असते मुलगा खातो म्हणून. तपासायची खूण सांगतो: तीनपैकी एका निवडीने तरी घरातल्या कुणाची तरी किंचित गैरसोय व्हायला हवी. दोन आठवड्यांत कुणीच "आज हे काय?" म्हणालं नाही, तर तुम्ही अजून दुसऱ्यांसाठीच निवडताय. (कारल्याची भाजी सांगायला मनात भीती वाटत असेल, घरी त्यावरून तमाशा होईल अशी खरी धास्ती असेल, तर हा प्रश्न स्वप्नांचा राहत नाही. अशा वाचकांनी १८१ ही महिला हेल्पलाइन लक्षात ठेवावी. ताईंच्या पत्रात तसं काही दिसत नाही.)

याच काळात एक छोटी वही पर्समध्ये ठेवा. मोबाइलमध्ये लिहू नका, लगेच कुणाचा तरी मेसेज येतो. वहीत इच्छा लिहायच्या नाहीत. 'मला काय हवं' असं लिहून खाली कोरी ओळ बघितली की परत ट्रेनिंग रूम आठवेल. फक्त तीन प्रकारच्या नोंदी करा: कशाचा हेवा वाटला, कशाची तक्रार वाटली, कुठे पाय थबकले. एक ओळ, वार आणि वेळ. "मंगळ, ६.४०, घणसोली. समोरची बाई गाडीत विणत होती. हेवा." एवढंच. घणसोली ते ठाणे या प्रवासात दोन नोंदी सहज होतात. ठाण्याला उतरायच्या गर्दीत मात्र वही काढू नका.

या तिन्हींत हेवा सगळ्यात कामाचा, आणि आपण तोच सगळ्यात आधी दडपतो. त्याला नीट उलगडायचं. ऑफिसातली मैत्रीण रविवारी येऊरला जाऊन आली, फोटो बघून कसंतरी झालं. हेवा डोंगराचा होता? की कुणाला न विचारता सकाळी सहाला घराबाहेर पडण्याचा? की तिच्याबरोबर चार मैत्रिणी होत्या त्याचा? तिघांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी बूट लागतात, दुसऱ्यासाठी घरात एक वाक्य बोलावं लागतं, तिसऱ्यासाठी फोन करावा लागतो. लोक हे न उलगडता थेट बूट घेतात, आणि ते चपलांच्या कपाटात पडून राहतात.

तीन आठवड्यांनी वही उघडा आणि तुम्ही ऑफिसात लेजर, म्हणजे खातेवही, बघता तशी बघा. कुठला शब्द परत परत येतोय? शांतता, हात, रंग, एकटं, बाहेर, शिकणं, असं काहीतरी तीन-चारदा आलेलं असेल. ते तुमचं खातं.

आता तो चौकटीच्या वहीतला नकाशा. पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकलात आणि पुढे "राग नाही" जोडलंत, म्हणून तिथे थांबतो.

खरं ते आधी सांगतो. आर्किटेक्ट हा परवान्याचा व्यवसाय आहे. १९७२च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, त्यासाठी पाच वर्षांची पदवी, आणि त्या प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. तुम्ही कॉमर्सच्या. म्हणजे आधी बारावीचे विषय, मग प्रवेशपरीक्षा, मग पाच वर्षं पूर्णवेळ कॉलेज, आणि घरी २४ हजारांचा हप्ता. कायद्याने दार बंद नाही, व्यवहारात जवळपास बंद आहे. 'वय हा फक्त आकडा' वगैरे मी लिहिणार नाही. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, आकडा म्हणजे काय ते तुम्हाला कळतं.

पण जुनं स्वप्न हा एकसंध दगड नसतो, त्याचे भाग सुटे करता येतात. आर्किटेक्ट होण्यात काय काय होतं? कागदावर घर उभं करणं. नावामागे पदवी. वडिलांनी 'हो' म्हणणं. कॉमर्सच्या वाटेने गेलेल्या बहिणींपेक्षा वेगळं असणं. यातला एखादा भाग आज गळून पडलेला असेल, एखादा अजून जिवंत असेल. कुठला, ते विचार करून कळत नाही. हातात पेन्सिल घेऊन कळतं.

म्हणून चार आठवड्यांची एक चाचणी. आठवड्यातून दोनदा, दर वेळी ४५ मिनिटं, खर्च पाचशेच्या आत. स्वतःचं राहतं घर मोजा आणि काढा. सामान: पाच मीटरचा टेप, आलेख कागदाचं ए-४ पॅड, एचबी आणि २एच पेन्सिल, खोडरबर, पट्टी. प्रमाण १:५०, म्हणजे प्रत्यक्षातला १ मीटर कागदावर २ सेंटिमीटर. ३ बाय ४ मीटरची खोली ६ बाय ८ सेंटिमीटरची होते. या प्रमाणात ए-४ कागदावर साधारण साडेदहा बाय पावणेपंधरा मीटरची जागा मावते, त्यामुळे तुमचं घर एका कागदावर बसेल. आधी प्रत्येक खोलीचं हाताने कच्चं चित्र काढून त्यावर मापं लिहा, पक्कं नंतर. टेप हवेत लोंबकळत धरू नका, मधे झोल येऊन माप जास्त येतं. जमिनीलगत भिंतीच्या कडेने टाका. दोन्ही कर्णही मोजा, खोली चौकोनी दिसते पण बिल्डरने ती काटकोनात बांधलेली असेलच असं नाही. आणि पहिल्या खेपेला तुमची बेरीज जुळणार नाही: खोल्यांची मापं मिळवली तर घराच्या एकूण लांबीपेक्षा कमी भरतील. कारण भिंतींची जाडी धरलेली नसते. आतली भिंत प्लास्टरसकट साधारण पाच-सहा इंच असते. दाराच्या चौकटीत टेप लावून मोजून घ्या. ताळेबंदात फरक आला की तुम्ही कशा तो सापडेपर्यंत उठत नाही, तसंच इथे होईल. किंवा नाही होणार. दोन्ही उत्तरं उपयोगाची आहेत.

दर वेळी बसण्याआधी 'किती मजा येईल' याचा ० ते १० मधला अंदाज लिहा, आणि उठताना प्रत्यक्ष किती आली ते. ओढ मंदावलेल्या माणसाचा अंदाज बहुतेक कमी येतो आणि अनुभव त्याच्या वर निघतो. ते अंतर डोळ्यांनी दिसायला हवं, कारण "मूड आला की बसेन" म्हणत थांबलात तर मूड येणार नाही. आधी कृती, मग ओढ, हा क्रम निराशेच्या उपचारात १९७०च्या दशकापासून वापरला जातो. आठ बैठकांनंतरही प्रत्यक्ष गुण दोन-तीनच्या वर गेले नाहीत, तर तो भाग तुमच्यात संपलाय असं समजा आणि वहीतला दुसरा शब्द उचला. पॅड मुलाला देऊन टाका.

वेळ कुठली? ठरवताना तुमच्या तोंडून आपोआप निघेल, "शनिवारी सगळं आवरलं की." सगळं कधीही आवरत नाही. म्हणून कामाच्या आधीची जागा घ्या, आणि ती 'अमुक झालं की तमुक' अशी बांधा: "शनिवारी दुपारचा चहा गाळला की कप घेऊन थेट टेबलाशी." पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये दाखवलं की नुसत्या 'मी करीन' या निश्चयापेक्षा वेळ आणि जागा बांधलेला निश्चय जास्त पाळला जातो. घरी परवानगी मागू नका, माहिती द्या: "शनिवारी चार ते पावणेपाच मी टेबलाशी आहे. आईंचा चहा त्या वेळेला तुमच्याकडे." एवढंच वाक्य, स्पष्टीकरण नको. स्पष्टीकरण दिलं की चर्चा होते, चर्चा झाली की तडजोड होते, आणि तडजोड कुणाची होते ते तुम्हाला ठाऊक आहे.

तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल, पाहुणे येतील, मुलीची सराव परीक्षा निघेल. एक बैठक चुकली तर भरपाई करायची नाही, पुढची वेळ पाळायची. भरपाईच्या नादात दोन तास बसायचं ठरतं आणि मग तेही राहतं.

एक मोह आताच सांगून ठेवतो. मुलगी बारावीत आहे. नकाशे काढताना हात खुलला की मनात येईल, हिलाच आर्किटेक्चरला घालू या का. तिने आपणहून विषय काढला तर ऐका. तुमच्या वहीतली इच्छा तिच्या फॉर्मवर उतरवू नका. तुमच्या बाबांनी जे केलं त्याचीच ती गोड आवृत्ती होईल.

मोठ्या स्वप्नांचं मग काय? तीन महिन्यांनी, आधी नाही. तेव्हाही एक काळजी घ्या. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या संशोधनात असं दिसलं की यशाचं नुसतं गोड चित्र रंगवणारे प्रत्यक्षात कमी हातपाय हलवतात, कारण मनाला ते जवळपास मिळाल्यासारखंच वाटतं. म्हणून चित्र रंगवल्यावर लगेच, त्याच बैठकीत, स्वतःमधला एक अडथळा लिहायचा. नवरा, बॉस, ट्रेन हे अडथळे नकोत. 'कुणी हसलं तर मी सोडून देते' असा हवा. आणि तो आला की काय करायचं तेही. घरातले पुरुष या आजाराच्या दुसऱ्या टोकाला असतात: नोकरी सोडून हॉटेल काढायचं चित्र दहा वर्षं रोज रात्री बघतात, आणि एकाही खाणावळीत जाऊन दिवसाला किती ताटं जातात ते विचारत नाहीत. त्यांनी वरची हेव्याची वही सोडून इथूनच सुरुवात करावी. नुकतेच निवृत्त झालेल्यांना वेळ भरपूर असतो पण वेळेला कडा नसतात. त्यांनी ४५ मिनिटांचा गजर लावावा, तास वाढवू नयेत.

पैशांचं थोडक्यात. पोस्टात रिकरिंग खातं महिना १०० रुपयांपासून उघडतं, मुदत पाच वर्षं. ५०० ने सुरुवात करा, फक्त तुमच्या नावावर, आणि त्याला कुठलंही नाव देऊ नका. पाच वर्षांत मुद्दलच ३० हजार होतं. कशासाठी, हे आज ठरवायचं नाही. ४९व्या महिन्यातल्या २४ हजारांवर फी, गुडघा, गाडी असे सगळे हक्क सांगतील. त्यातले दोन हजार या खात्याशेजारी आधीच राखून ठेवल्याचं घरात आजच बोलून टाका. चार वर्षांनंतरच्या पैशांवर आज कुणी भांडत नाही.

नकाशाच्या चाचणीच्या चार आठवड्यांतल्या एखाद्या रविवारी कोपरखैरण्याहून पनवेल गाडी पकडून बेलापूरला उतरा आणि रिक्षाने सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट व्हिलेजला जा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखलेली ही वसाहत आहे. नवी मुंबईची कल्पना १९६५ साली मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक. दुसऱ्या प्रवीणा मेहता, तिसरे शिरीष पटेल. इथे साधारण सात-सात घरं एका चौकाभोवती ठेवली, आणि एकाची भिंत दुसऱ्याला लागू दिली नाही, म्हणजे ज्याला जसा पैसा मिळेल तशी त्याने खोली वाढवावी. लोकांनी ती वाढवलीच, कित्येकांनी मूळ घर पाडून नवं बांधलं. राहती घरं आहेत, तेव्हा गल्लीतूनच बघा. चौकाच्या कडेने चाललात तर आठ मीटरची बाजू अकरा-बारा पावलांत संपेल. जायच्या आधीचा मजेचा अंदाज आणि परतल्यावरची प्रत्यक्ष मजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. आणि पहिल्या खेपेला तरी मुलांना बरोबर नेऊ नका.